पत्र्यावरचे दगड

एप्रिलमधली दुपार. जोहरची नमाज होऊन आम्ही जरा पाठ टेकत होतो, तोच गल्लीतली मुले ओरडत गच्चीवर धावली. मागच्या नांगरलेल्या रानात वावटळ उठली होती. आमच्या मराठवाड्यात वावटळीचे काय कौतुक? पण ही विजेच्या खांबाच्या तिप्पट उंच होती. घराघरांतून मोबाइल बाहेर आले. खोटे कशाला बोला, दृश्य देखणे होते.

शेजारच्या खाला म्हणाल्या, "आत जिन असतो, चप्पल फेका." मुले आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्ही सांगितले ते एवढेच : तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, भोवतालची हवा तिची जागा घ्यायला धावते आणि तिला गरका बसतो. वावटळ निरभ्र आकाशाखाली जमिनीवरून उठते. टोर्नेडोचा जन्म गडगडाटी ढगात होतो आणि त्याची सोंड जमिनीपर्यंत पोहोचते. राहिली चप्पल; तर हवेला शिव्या देऊ नका, तिच्यातली भलाई अल्लाहकडे मागा आणि तिच्या वाईटापासून पनाह मागा, अशी नबी (स.) यांची शिकवण आहे. चप्पल पायातच बरी.

बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी असा टोर्नेडो आला. रमजान चालू होता, संध्याकाळची वेळ होती. त्या भागात कित्येक महिने पाऊस नव्हता. दौलतपूर आणि साटुरिया परिसरात सुमारे १,३०० माणसे गेली. जगात नोंदला गेलेला हा सर्वांत जीवघेणा टोर्नेडो मानतात. आद कौमनेही ढग पाहून पाऊस आला असेच मानले होते. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, आकाशात ढग दिसला की नबी (स.) बेचैन होत, आतबाहेर करीत, पाऊस पडू लागला की चेहरा खुले. आम्ही मात्र ढग दिसला की कॅमेरा शोधतो.

मुलांनी विचारले, लांबून पाहिले तर काय बिघडले? काही नाही, पण लांब म्हणजे किती, ते कळले पाहिजे. वादळ डावीउजवीकडे सरकताना दिसले तर ते बहुधा बाजूने जाते. जागच्या जागी उभे असून नुसते मोठे होत असेल, तर ते आपल्याच दिशेने येत असते. मग मोबाइल खिशात आणि माणसे पक्क्या घरात, खिडक्यांपासून दूर.

आमच्या गच्चीवरून जो तमाशा दिसत होता, तो रानाच्या कडेच्या वीटभट्टीवर तमाशा नव्हता. तिथल्या एका खोपटाचा पत्रा उडाला. पत्र्यावर ठेवलेले दगड आत पडले, नेमके बाजेवर. बाळाला घेऊन आई तेव्हा पाण्याच्या टाकीवर गेली होती. अलहम्दुलिल्लाह! पण दगड ठेवायची ही रीत आपल्या मोहल्ल्यांतही घरोघर आहे. वारा पत्र्याखाली शिरून तो उचलतो, तेव्हा दगड पत्र्याला धरून ठेवत नाहीत. खाली झोपलेल्यांवर येतात. पत्रा खालच्या लोखंडी नळीला जे-हुकने आवळावा. तेही जमत नसेल तर जाड तारेने बांधावा.

मोहल्ल्यातल्या चार पोरांनी असरनंतर पाना आणि शिडी घेऊन भट्टी गाठली. हुकांचे पैसे गल्लीने जमवले. पाच खोपटी झाली आहेत. दोन राहिलीत, ती जुम्म्यानंतर.