मोठ्या पायाचे गिऱ्हाईक रिकाम्या हाती पाठवू नका

भातकुली, दर्यापूर, बडनेरा या भागातील बुटांच्या दुकानांत पुरुषांचा माल साधारणतः ६ ते १० नंबरपर्यंत येतो. कोणी ११ मागितला तर दुकानदार माळ्याकडे पाहतो. १२ किंवा १३ मागितला तर "अमरावतीला पाहा" असे सांगून मोकळा होतो. यात व्यापाऱ्याला दोष देता येत नाही. वर्षातून एखादा जोड खपेल अशा नंबरात भांडवल कोण अडकवून ठेवणार? पण माल ठेवणे ही एक गोष्ट झाली आणि गिऱ्हाईक सांभाळणे ही दुसरी. सायकलीच्या बुटांबाबत हा फरक आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी नीट समजून घेतला पाहिजे.

दूरच्या सायकलिंगची हौस विदर्भाला आता नवी राहिलेली नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने आणि १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पार करण्याच्या फेऱ्यांत डॉक्टर, मास्तर, पोलीस असे सगळ्या थरांतले लोक उतरतात. त्यांना पायडलात अडकणारे बूट हवे असतात. यांना क्लिपलेस म्हणतात. नाव ऐकून माणूस गोंधळतो, कारण बूट तर पायडलात अडकतो! पूर्वी पायडलाला पट्ट्याची लोखंडी क्लिप असे, ती गेली म्हणून हे नाव पडले. फ्रान्सच्या 'लूक' कंपनीने बर्फावरील स्कीच्या बांधणीवरून १९८४ च्या सुमारास ही तऱ्हा बाजारात आणली. १९८५ मध्ये बर्नार्ड इनो यांनी हीच पायडले वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि ती जगभर पसरली.

साध्या बुटात पाऊल हवे तसे सरकते. या बुटात तळाला क्लीट नावाची छोटी पट्टी बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि तळवा वाकत नाही. म्हणूनच आपल्याकडचे ते जुने वाक्य, "घ्या, वापरता वापरता सैल होईल", इथे सरळ सरळ खोटे ठरते. लांबीला तोकडा असलेला हा बूट कधीच वाढत नाही. शंभर किलोमीटरनंतर बोटे बधिर होतात, नखे काळी पडतात. गिऱ्हाईक मधुमेही असेल तर न कळलेली जखम किती महागात पडते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. नंबर नाही म्हणून एक नंबर लहान माल गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे.

आता मापाचे पाहू. 'मला १२ लागतो' असे म्हणणाऱ्याचे पाऊल खरोखर लांब असते की रुंद? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले यंत्राने मोजली. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपली पावले अधिक रुंद आहेत, असे त्यातून दिसले. विलायती मापाचा बूट रुंदीला आवळतो म्हणून आपले लोक एक नंबर लांब घेतात. त्या पाहणीवरून 'भा' नावाची भारतीय मापाची पद्धत सुचवली गेली. चालण्याच्या बुटात ही तडजोड खपून जाते. सायकलीच्या बुटात क्लीट भलत्या जागी येते आणि टाच आत हलत राहते. अशा गिऱ्हाइकाला लांब बूट नव्हे, रुंद फर्म्याचा बूट हवा असतो. शिमानो, लेक यांसारख्या कंपन्या तो बनवतात.

माप मिलिमीटरमध्येच घ्यावे. संध्याकाळी, पाऊल थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला लावून कागदावर उभे करावे, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावले आखावीत आणि मोठे पाऊल खरे मानावे. सर्वात लांब बोट अंगठाच असतो असे नाही. इंग्रजी नंबरात एका नंबराचे अंतर साधारण साडेआठ मिलिमीटर, तर युरोपीय नंबरात पावणेसात मिलिमीटरच्या आत. ३०५ मिलिमीटरचे पाऊल आणि १५ मिलिमीटर मोकळीक धरली की फर्मा ३२० चा होतो, म्हणजे हिशेबाने युरोपीय ४८. पण एका कंपनीचा ४८ दुसरीच्या ४८ शी जुळेलच असे नाही. कंपनीचा तक्ता मिलिमीटरमध्ये पाहूनच मागणी नोंदवावी.

क्लीट दोन बोल्टची घ्यावी की तीन? शहरातले शौकीन तीन बोल्टची सांगतील. माझे मत भातकुलीच्या मातीवरून बनले आहे. हा खारपाणपट्टा, काळी चिकण जमीन. पावसाळ्यात रस्त्यावरून दोन पावले खाली उतरले की बुटाला शेरभर चिखल. तीन बोल्टची बाहेर आलेली प्लॅस्टिकची क्लीट त्यात निकामी होते. दोन बोल्टची धातूची क्लीट तळव्याच्या खाचेत बसते आणि माणूस चालूही शकतो. मात्र मोठ्या पावलासाठी पायडल रुंद फळीचे निवडावे, नाहीतर सगळा भार एका बिंदूवर येतो. क्लीट चवड्याच्या हाडाखाली न ठेवता थोडी टाचेकडे सरकवावी. लांब पावलात घोटा ते चवडा हे अंतर जास्त, त्यामुळे पोटरीवर ताण अधिक पडतो. काही बुटांत खाच इतकी पुढे असते की क्लीट मागे जातच नाही. असा बूट नंबर बरोबर असला तरी नाकारावा. शेवटी सायकलवर बसवून पाहावे. हळू वळताना बोट पुढच्या चाकाला लागते का, टाच मागच्या दांड्याला घासते का?

आणि जो माणूस रोज फक्त भातकुलीहून अमरावतीला कामावर जातो, त्याला हे काही विकूच नये. रुंद साधे पायडल आणि मापाचा बूट त्याला पुरे.

कारागिरांचे काम इथेच निघते. कडक तळव्याचा बूट गावात बनणे कठीण आहे हे खरे, पण रुंदीला थोडा ताणून देणे, आतला तळवा पावलाच्या वळणाप्रमाणे कापणे, पट्टा लांब करणे हे आपल्या मोच्याच्या हातचे आहे. रोजच्या वापराचा १३ नंबरचा बूट तर आखलेल्या कागदावरून तो पूर्ण बनवू शकतो. त्यासाठी तयार मालाच्या दुकानदाराने त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवले पाहिजे, आणि सायकल दुकानदाराने दोघांकडे.

व्यवहार मागणीप्रमाणे ठेवावा. आगाऊ रक्कम घ्यावी, आखलेला कागद नाव लिहून जपून ठेवावा, नंबर बसला नाही तर बदलून मिळेल का हे पुरवठादाराकडून आधीच लेखी घ्यावे. पायडल बसवताना डावीकडचा आटा उलटा असतो हे नव्या पोराला सांगून ठेवावे, जोर लावला की क्रँकचा आटाच जातो. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाला परत बोलावून क्लीटचे बोल्ट आवळावेत, जागा तपासावी. या कामाची मजुरी वेगळी सांगावी, चहापाण्यात सोडून देऊ नये.