वैशाखातली लस

इन्फ्ल्युएन्झा हा थंडीचा रोग आहे ही समजूत आपल्या व्यवसायात इतकी खोल रुजली आहे, की जुलैच्या झडीत एकाच घरातली चार माणसे अंग कसकसते म्हणून दवाखान्याच्या बाकावर येऊन बसली तरी आपण केसपेपरवर ‘व्हायरल’ एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतो. ज्या ग्रंथांतून ही समजूत आपण उचलली ते समशीतोष्ण प्रदेशांतील अनुभवावर रचलेले आहेत, आणि तेथे ती यथार्थही आहे. परंतु पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व देशातील इतर प्रयोगशाळा यांच्या देखरेखीतून आपल्याकडचे जे चित्र सिद्ध झाले आहे ते निराळे आहे. श्रीनगरास फ्लूचा भर हिवाळ्यात येत असला, तरी महाराष्ट्रासह देशाच्या बऱ्याच भागांत त्याचा मुख्य अंमल जून ते सप्टेंबर या पर्जन्यमासांत असतो, आणि जानेवारी ते मार्च या काळात दुसरी, बहुधा लहान, लाट येते. रोगाचा हंगाम असा असता त्याच्या प्रतिबंधाचे पंचांगही त्यालाच धरून मांडले पाहिजे, एवढेच या अंकी व्यवसायबंधूंपुढे ठेवावयाचे आहे.

लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिपिंडे निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढील काही महिन्यांत ते संरक्षण ओसरू लागते. तेव्हा पाश्चात्त्य शिरस्त्याप्रमाणे ऑक्टोबरात टोचलेली लस पुढच्या आषाढात, म्हणजे जेव्हा तिची खरी निकड असते तेव्हा, क्षीण झालेली असावयाची. आपल्याकडे लसीकरणाचे काम एप्रिल-मे महिन्यांतच उरकले पाहिजे. विषाणू आपल्या पृष्ठावरील प्रथिने सतत थोडीथोडी पालटीत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीचे घटक सुचवीत असते. म्हणून औषधविक्रेत्याकडून माल घेताना वेष्टनावरील हंगाम व मुदत वाचून त्या वेळी मिळणारी सर्वांत नवी लसच घ्यावी. ‘बी-यामागाता’ हा वंश मार्च २०२० नंतर खात्रीने कोठेही आढळलेला नसल्यामुळे आता तीन घटकांची लस चार घटकांच्या लसीहून उणी मानण्याचे कारण उरलेले नाही, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.

लसीची थोरवी सांगताना अतिशयोक्ती मात्र करू नये. घटक जुळलेल्या वर्षी ती फ्लूचा धोका साधारणतः ४० ते ६० टक्क्यांनी घटविते. इतर विषाणूंच्या पडशाला ती रोखीत नाही, आणि ‘लस घेतली तरी सर्दी झालीच’ या तक्रारीचे उत्तर टोचण्यापूर्वीच देऊन ठेवलेले बरे. परंतु मधुमेही, दमेकरी, हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण, पासष्टीपुढचे वृद्ध, सहा महिने ते पाच वर्षांची बालके आणि गर्भवती यांच्या बाबतीत तेवढी घटही बहुमोल असते. सहा महिन्यांच्या आतील अर्भकाला लस देता येत नाही. त्याचे रक्षण गर्भारपणी आईला दिलेल्या लसीतूनच व्हावयाचे असते. नऊ वर्षांखालील जे मूल प्रथमच लस घेत आहे त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, आणि हा हिशोब धरला तर एप्रिलचा आरंभ चुकवून चालत नाही.

आता उपचाराविषयी. २००९ साली ३ ऑगस्ट रोजी पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू झाला आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, त्या वेळी सरकारने रुग्णांची अ, ब, क अशी जी वर्गवारी घालून दिली तिचे मर्म आजही शिळे झालेले नाही. सौम्य ताप-खोकल्याच्या ‘अ’ वर्गास विश्रांती, पाणी व पॅरासिटामॉल पुरते, मात्र चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी त्याला पुन्हा पाहिलेच पाहिजे. तीव्र ताप व घसादुखी असलेला, किंवा जोखमीच्या गटातला, रुग्ण ‘ब’ वर्गातला. जोखमीच्या रुग्णास तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर द्यावे, प्रौढास ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा घटवून, आणि शक्यतो पहिल्या ४८ तासांच्या आत. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, रक्तमिश्रित कफ, निळी नखे यांपैकी काहीही दिसले की रुग्ण ‘क’ वर्गातला, आणि त्याची जागा रुग्णालयात. हे औषध एके काळी ‘एक्स’ परिशिष्टाच्या कडक जाबत्यात असल्याने मोजक्याच दुकानांत मिळे. २०१७ पासून ते ‘एच-वन’ परिशिष्टात आल्यामुळे ती अडचण आता सांगता येणार नाही.

प्रत्यक्षात घडते काय? ‘डॉक्टर, सुई मारा, उद्या पाळीवर जायचंय’ असे म्हणणाऱ्या तरुण कामगाराला, ज्याला कशाचीच गरज नाही त्याला, प्रतिजैविक आणि क्वचित स्टेरॉइडही मिळते. आणि ‘आजी दोन दिवस जेवल्या नाहीत, नुसत्या पडून आहेत’ असे सून सांगते तेव्हा, अंगात ताप नाही एवढ्यावरून, टॉनिक लिहून दिले जाते. वृद्धांचा फ्लू पुष्कळदा तापावाचूनच येतो, हे ध्यानी ठेवून त्या आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावण्यास अर्धा मिनिट लागत नाही. प्रतिजैविकाचे खरे प्रयोजन निराळे आहे: ताप उतरून रुग्ण हिंडूफिरू लागला आणि चार दिवसांनी पुन्हा थंडी वाजून पिवळा कफ व धाप सुरू झाली, तर तो जिवाणुजन्य न्यूमोनिया समजावा. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या साथीने सप्टेंबर-ऑक्टोबरात उग्र रूप धरले, ६ ऑक्टोबर या एका दिवशी त्या शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आणि त्या साथीत जगभर दगावलेल्यांपैकी बहुतेकांचा अंत अशाच जिवाणुजन्य न्यूमोनियाने झाला असावा, असे पुढे जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या परीक्षणातून दिसून आले. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. आज आहेत, पण आपण ती पहिल्याच दिवशी, अस्थानी, खर्च करीत आहोत. बालकास तापात ॲस्पिरिन कदापि देऊ नये, ही ताकीद जुनी असली तरी पुनरुक्तीस पात्र आहे.

आमची सूचना लहानशी आहे. दवाखान्याच्या दप्तरात मधुमेही, दमेकरी, हृद्रोगी आणि गर्भवती यांची नावे आधीच लिहिलेली असतात; त्यांची एक यादी चैत्रात काढावी, प्रत्येकास निरोप धाडावा, आणि मे अखेर नावापुढे लसीची तारीख पडेल अशी तजवीज करावी. रोज शेकडो खोकल्यांसमोर बसणारा डॉक्टर आणि त्याचा कंपाउंडर स्वतः लस न घेता रुग्णाला ती घेण्याचा आग्रह करू लागले, तर तो आग्रह फारसा मानला जाणार नाही. म्हणून त्या यादीतली पहिली दोन नावे या दोघांचीच असावीत.