हौसेच्या शेकोटीला नियम हवा

नाशिककरांनो, डिसेंबर लागला की निफाडचा पारा बातम्यांत झळकतो आणि इकडे बंगल्यांच्या अंगणात, सोसायटीच्या गच्चीवर, गंगापूर धरणाकडच्या फार्महाऊसवर शेकोट्या पेटतात. हौसेला आमचा विरोध नाही. महापालिकेने या शेकोटीसाठी लेखी नियम करावा, एवढीच मागणी आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर आणि सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपयांचा, मोठा ढीग जाळल्यास 25,000 रुपयांचा भुर्दंड ठरवला. पण हे सारे कचऱ्यापुरते. स्वतःच्या आवारात रचलेली लाकडे कुंपणापासून किती लांब असावीत, किती वाजता विझवावीत, याबद्दल त्यांत चकार शब्द नाही. आणि लाकडे म्हणायची तरी कशाला? प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी, फुटक्या खुर्च्याही त्यात जातात. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर उबदार थर बसलेला असतो; त्यामुळे धूर वर न जाता शेजारच्या दमेकऱ्याच्या खिडकीत शिरतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिकचे नाव उगाच नाही.

कोणी म्हणेल, निष्काळजीपणे आग हाताळणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 287 आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खरे आहे, पण निष्काळजीपणा कुठे सुरू होतो हे अंतर आणि वेळ ठरवल्याशिवाय पोलिसाने कसे सांगायचे? वाहनांचा धूर जास्त, हा दुसरा युक्तिवाद. असेलही, म्हणून शेकोटीचा धूर औषधी ठरत नाही. हा नियम मात्र प्रत्येक आगीला नको. होळी वर्षातून एकदा येते, चारचौघांच्या नजरेसमोर पेटते. द्राक्षबागेतली शेकोटी मणी तडकू नयेत म्हणून असते. तिथे वर्षाचे पीक पणाला लागलेले असते. रात्रपाळीच्या वॉचमनला दंड लावणे तर निर्दयपणा होईल. त्याला घोंगडी आणि बंदिस्त चौकी द्या, मात्र त्या चौकीत कोळशाची शेगडी नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

तेव्हा महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात लेखी मागणी करा: फक्त सुके, रंग न लावलेले लाकूड, घर, झाड आणि वीजतारांपासून ठरलेले अंतर, गच्चीवर पूर्ण मनाई, रात्री विझवण्याची वेळ. नियम होईपर्यंत निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हलवून, पुन्हा ओतल्याशिवाय उठू नका. आग आवाक्याबाहेर गेली तर 101.