नावेला टिचकी

उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. वरची नक्षी कुणी बघत नाही. मग माठाला वापरतो ती अक्कल आपण माणसे बसवायच्या नावेला का वापरत नाही?

त्याचे झाले असे. माझ्या भाच्याचे भोसरी एमआयडीसीत फायबरच्या कामाचे छोटे वर्कशॉप आहे. मित्राबरोबर पवना धरणावर पर्यटकांसाठी चालवायला त्याने एक जुनी फायबरची बोट हेरली होती. "मावशी, चल, तेवढंच फिरणं होईल," म्हणाला. मी काय, चिंचवडहून निघायला तयारच!

बोट पाहून मी मात्र घाबरले. कडेला सगळीकडे केसासारख्या चिरा. "अरे, ही तर फुटलीय!" भाचा हसला. वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा आणि ठिसूळ. खरी ताकद त्याखालच्या काचतंतूंच्या थरांत असते. कुठे धक्का लागला की कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर उठते, ती घासून भरता येते. पण चिरा शेजारी शेजारी, एका दिशेने गेलेल्या असल्या किंवा दोर बांधायच्या खुंटीभोवती उठल्या असल्या, तर तो भाग भाराने वाकतोय अशी शंका घ्यायची.

मग तो मागच्या फळीकडे वळला. इंजिन टांगतात ती हीच. तिला नवाकोरा रंग, एकही चीर नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्... आणि मध्येच बद्द. जुन्या बोटींत या फळीच्या आत बहुधा प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपते आणि बाहेरचे फायबर शाबूत असताना आतले लाकूड कुजत जाते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने कूज लवकर धरते. मालकाला विचारून एक स्क्रू काढला, तर मागोमाग तपकिरी ओला भुसा आला. इंजिन धरून हलवले, तर फळीही हलली. "आत्ताच रंग दिलाय हो," मालक म्हणत राहिला.

परत येताना मी गप्प होते. नोकरीत असताना सातवीची सहल एका तलावावर नेली होती. मी मुले मोजली, डबे मोजले, आणि नाव छान रंगवलेली पाहून खूश झाले. काही झाले नाही, म्हणून विसरले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवल्याचे पुढे आले. कारण वेगळे, पण बसण्यापूर्वी विचारायला हवे होते ते विचारले न जाणे तेच. आपल्या शेजारी कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचे प्राण गेले. जुनी वस्तू वापरू नये असे मी म्हणत नाही, मी स्वतःच सत्तरी ओलांडलेली! पण जुन्याची तपासणी डोळ्यांनी होत नाही.

माझे मत सरळ आहे. प्रवासी बोटीची फळी आणि तळ दरवर्षी पावसाळ्यानंतर जाणकाराने ठोकून पाहावा, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने "शेवटचं कधी तपासलं?" असे विचारावे. गरीब नावाड्याला हे परवडेल का? ठोकायला पैसा लागत नाही. कुजलेले प्लायवूड काढून नवे बसवता येते, बोट भंगारात घालावी लागत नाही.

भाचा आता म्हणतोय, किंमत उतरवली तर फळी बदलून घेऊ. बदलून झाली की मी बसायला जाणार आहे. आधी स्वतः ठोकून बघणार, हे त्याला सांगून ठेवले आहे.