बाळंतपणानंतर लघवी सुटते? लाजू नका, सांगा

खालापूर तालुक्यातील एका वाडीवरची सव्वीस वर्षांची बाई गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन वेळा खोकल्यासाठी आली. छाती तपासली, साफ होती. तिन्ही वेळा मी औषधाची बाटली लिहून दिली. चौथ्या खेपेस सासू बरोबर नव्हती. निघताना ती आमच्या सिस्टरला हळूच म्हणाली, "ताई, खोकल्याचं एवढं काही नाही हो, पण खोकला आला की साडी भिजते."

मूल दहा महिन्यांचे. पहिलेच बाळंतपण. बराच वेळ कळा देऊनही बाळ पुढे सरकेना, म्हणून शेवटी व्हॅक्यूम लावून काढलेले. तेव्हापासून हे चालू होते. तिने पाणी पिणे निम्म्यावर आणले होते, आवणीला जाणे सोडले होते, माहेरच्या लग्नालाही गेली नव्हती. घरात कारण कोणालाच ठाऊक नाही. आणि पंचवीस वर्षे दवाखाना चालवणारा मी तिला खोकल्याचे औषध देत होतो! तिने सांगितले नाही हे खरे, पण मी तरी कुठे विचारले?

बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा कमी होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. साधारण तीनातल्या एकीला पहिल्या काही महिन्यांत कमीअधिक त्रास होतो. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्या झोळीवर पेललेले असतात. बाळाचे डोके खाली उतरताना ही झोळी ताणली जाते, तिच्या नसाही दबतात. कळांचा शेवटचा टप्पा लांबला, बाळ मोठे असले किंवा चिमटा लावावा लागला तर ताण जास्त. व्हॅक्यूमपेक्षा चिमट्याने इजा होण्याचा संभव अधिक असतो.

म्हणून चिमट्याला शिव्या देऊ नका. इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने सतराव्या शतकात हे हत्यार वापरात आणले आणि शंभराहून अधिक वर्षे ते घराण्याचे गुपित म्हणून लपवून ठेवले. त्या लपवालपवीत किती माता आणि बालके गेली असतील याची गणती नाही. बाळाचे ठोके मंदावले असताना वेळेवर लावलेला चिमटा दोन जीव वाचवतो. माझी तक्रार चिमट्याबद्दल नाही, त्यानंतरच्या चाळीस दिवसांबद्दल आहे.

त्या दिवसांत आपल्याकडे काय चालते? शेक, धुरी, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा. हौसेने करा, पण "पाणी कमी पी, पोट सुटेल" हा सल्ला साफ चुकीचा. पाणी कमी प्यायल्याने लघवी जळजळीत होते, जंतूंचा संसर्ग वाढतो, शौचाला खडा होतो आणि कुंथल्याने तीच झोळी आणखी खाली ढकलली जाते. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर किंवा लाकडाची मोळी, हे काम निदान दीड-दोन महिने दुसऱ्या कोणीतरी करावे. आमच्या भागात हे सांगणे सोपे नाही, मार्च-एप्रिलमध्ये विहिरी आटल्या की घरातली प्रत्येक बाई पाण्याला जाते. पण नवऱ्याला दोन हात दिलेले असतात.

प्रसूतीनंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर लगेच सिस्टरला सांगावे. हत्यार लावलेल्या बाळंतपणानंतर नसा बधिर झालेल्या असतात, मूत्राशय भरल्याचे कळतच नाही. मग भरलेला माठ पाझरावा तशी थोडी थोडी लघवी गळत राहते आणि घरच्यांना वाटते, होते आहे की! असे मूत्राशय फार ताणले गेले तर ते कायमचे दुबळे होऊ शकते. अशा वेळी एखाददोन दिवस नळी ठेवली तर घाबरू नये.

खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी सुटते, त्यावर पहिला उपाय व्यायामाचा. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. चार माणसांत वारा अडवताना आपण जे आवळतो, तेच स्नायू आवळून वर ओढायचे. आठपर्यंत आकडे मोजायचे, सोडायचे, तितकाच वेळ विसावा घ्यायचा. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. सुरुवातीला तीनपर्यंतच मोजता आले तरी चालेल. बाळाला पाजताना होतो, भाकरी थापताना होतो, कर्जत लोकलमध्ये बसूनही होतो, शेजारणीला पत्ता लागत नाही. नळी काढल्यावर, दुखणे सोसवेल तसा सुरू करावा. टाके आहेत म्हणून थांबण्याची गरज नाही. खोकला येणार असे वाटताच आधी आवळायचे, ही सवय लागली की निम्मी लढाई जिंकली. मात्र तीन महिने रोज हवा. आठवडाभर करून "गुण नाही" म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत.

काही लक्षणांना मात्र व्यायाम हे उत्तर नाही. रात्रंदिवस सतत लघवी गळत असेल तर मूत्राशयाला छिद्र पडले आहे का हे पाहावे लागते. वारा किंवा शौच अडवता येत नसेल, ताप येऊन लघवीला जळजळ होत असेल, अंग बाहेर येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जावे. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कशेळे, चौक येथील ग्रामीण रुग्णालयांत आधी दाखवावे. पुढे पाठवायचे असेल तर तेथून चिठ्ठी मिळते.

आणि लघवी सुटते म्हणून पिशवी काढून टाकू नका. हा सल्ला देणारे आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. नुसती पिशवी काढून लघवीचा ताबा परत येत नाही. व्यायामाने भागले नाही तर त्यावरची शस्त्रक्रिया वेगळी असते, आणि ती शक्यतो पुढची मुले व्हायची नसतील तेव्हा करावी.

बायका सांगत नाहीत, हे जुने दुखणे आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ! पुढे बंग दांपत्याच्याच कामातून घरोघरी नवजात बाळ पाहण्याची पद्धत आली. आज आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्याही घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, बाळाचे वजन करतात. सहा वेळा दारात माणूस जातो. त्यातल्या दोन वेळा तरी सासूला बाळ घेऊन ओटीवर पाठवावे आणि बाईला विचारावे, "लघवी सुटते का गं?" याला ना यंत्र लागते ना पैसा. माझ्या व्यवसायबंधूंनीही लसीकरणाला आलेल्या आईला हेच विचारावे. मी आता विचारतो. मला बोलताना संकोच वाटतो, म्हणून बहुतेक वेळा सिस्टर विचारते.

त्या बाईला सिस्टरने व्यायाम शिकवला. पहिला महिना काही फरक नव्हता, ती रडकुंडीला आली होती. चौथ्या महिन्यात कपडा घ्यावा लागणे बंद झाले. मोठी शिंक आली तर अजून थेंबभर सुटते, असे ती सांगते, म्हणून व्यायाम चालू ठेवला आहे.