फसलेला तासही पाठवा

आपले शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट दिवसभर वाजत असतात. परिपत्रक, लिंक, ‘पाचपर्यंत माहिती भरा’, आणि मधूनच एखाद्या उपक्रमाचे फोटो. खाली ‘अभिनंदन सर’ची रांग लागते, तास कसा घेतला, ते मात्र कुणी विचारत नाही. २०१५च्या सुमारास साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. पुढे तिथल्यासारख्या गावोगाव वर्गांच्या फरशा रंगल्या, कारण रंग फोटोत येतो. मूल अडलं तेव्हा बाईंनी त्याला काय विचारलं, हे फोटोत येत नाही आणि खरं शिकण्यासारखं तेच असतं. म्हणून विनंती अशी, की फोटोऐवजी तासाच्या दहा ओळी पाठवा : मुलाने काय चूक केली, आपण काय केलं, कुठे फसलं.

‘चोवीस’ ऐकून दुसरीतलं मूल ४२ लिहितं. कानावर आधी चार पडतात, मग वीस. त्याने ऐकलं तसंच लिहिलं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस चार’ असं वाचन आलं आणि वाद थेट विधानसभेत पोहोचला. विनोद भरपूर झाले. पण वर्गात हे वाचन वापरल्यावर उलटं लिहिणं थांबलं का, ‘चोवीस’कडे परत येताना मुलं गोंधळली का, हे सांगू शकणारे शिक्षकच होते आणि त्यांच्या नोंदी एकत्र नव्हत्या. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या आधी मांडून मग अंक लिहून घेतले, तर फरक पडतो का? असल्या प्रश्नाला एका वर्गाचं उत्तर पुरत नाही.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही नोंद कुठल्याही ॲपवर सक्तीची होऊ नये. सक्ती झाली की सगळेच तास यशस्वी होतात! फसलेलं लिहिलं तर साहेब धरतील, ही भीतीही खोटी नाही. तेव्हा केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत अशा नोंदींवर चर्चा करावी, शेरे मारू नयेत. मुलांची नावं, चेहरे नकोतच. ‘प्रत्येक वर्ग वेगळा’ हे खरं, पण चुका बऱ्याचदा सारख्याच असतात. महाराष्ट्राबाहेर, उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीत घरी बुंदेली बोलणारं मूलही ‘चौबीस’ ऐकून ४२ लिहू शकतं. झाशीत मराठी घरं आहेत. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी या दहा ओळी हिंदीत उतरवून तिकडच्या शिक्षकांना द्याव्यात आणि त्यांच्या नोंदी इकडे पाठवाव्यात.