चोरखिसा

आमच्या सौभाग्यवतींच्या शिवणयंत्राची या सदरातून मी आजवर पुष्कळ थट्टा केली. ती सारी आज मुकाट्याने परत घेतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे युरोपात निघालो. आमची लेक श्टुटगार्टला असते. तिचे दिवस भरत आले होते. जाता जाता तीन दिवस पॅरिस पाहावे, हा बेत माझा. निघायच्या आदल्या रात्री हिने स्वतःच्या परकराला आतून चोरखिसा शिवला आणि मग माझी बंडी हातात घेतली.

"अहो, पासपोर्ट अंगाशी असलेला बरा."

"अगं, मी काय बाजाराला बैल विकायला चाललोय?" असे म्हणून मी बंडी ओढून घेतली. नव्या कोटाला आतून चांगला ऐटबाज खिसा होता ना!

दुसऱ्याच दिवशी माँमार्त्रच्या टेकडीवर गेलो. वर साक्रे कर हे पांढरेशुभ्र चर्च आहे. त्याचा पाया १८७५ साली घातला. खाली पायऱ्यांशी काही तरुण रंगीत दोरे घेऊन उभे असतात. त्यांतल्या एकाने हसत हसत माझे मनगट धरले. आता आपली सवय पाहा. देवळाच्या दारी कोणी दोरा बांधू लागला, की आपण निमूटपणे उजवा हात पुढे करतो. मीही केला! तो बोटाभोवती, मनगटाभोवती दोरा विणत बसला, म्हणजे माझा हात अडकला. दुसरा "इंडिया? इंडिया?" करीत समोर आला. पाठीशी आणखी कोण होते, ते मी पाहिलेच नाही. दहा युरो मोजून सुटलो, आँवेर स्टेशनवर मेट्रोच्या गर्दीत शिरलो आणि उतरल्यावर कोट चाचपला, तर खिसा सपाट. दोरेवाल्यांनी हात मारला की मेट्रोत कुणी, हे मला आजही सांगता येणार नाही.

हॉटेलातल्या कारकुनाने आमचे सांत्वन केले. म्हणाला, एप्रिल २०१३ मध्ये खिसेकापूंना कंटाळून लूव्र संग्रहालयातल्या नोकरांनीच काम थांबवले होते आणि मोनालिसा एक दिवस कुलपात बसली होती. ऐकून मला काही फारसे बरे वाटले नाही.

पोलिसांत तक्रार लिहिली, तिची प्रत घेतली आणि सोळाव्या विभागातला आपला दूतावास गाठला. लेकीने आमच्या पासपोर्टांची छायाचित्रे ईमेलमध्ये जपून ठेवली होती, म्हणून निभावले. पण तातडीचा म्हणून जो दाखला मिळतो, तो फक्त मायदेशी परतण्यापुरता. पासपोर्टाबरोबर व्हिसाही गेलेला. नवा पासपोर्ट, नवा व्हिसा होईपर्यंत लेक थोडीच थांबणार होती?

म्हणजे हिने एकटीने जायचे. जी बाई दादरहून पुण्याला कधी एकटी गेली नाही, तिने!

गार द लेस्ट स्टेशनवर मी तिच्या हातात चिठ्ठी दिली: लेकीचा पत्ता, फोन, उतरायचे स्टेशन, आणि ११२. हा संकटाचा नंबर तिथल्या दोन्ही देशांत चालतो. तीन तासांचा तर प्रवास. पण माझाच घसा कोरडा पडला होता. तिने चिठ्ठी चोरखिशात ठेवली आणि फराळाचा डबा माझ्या हाती दिला. "विमानात खा. आणि कुणापुढे हात करू नका." एवढेच बोलली. कोटाविषयी चकार शब्द नाही.

नऊ दिवसांनी नातू झाला. मी तो मुंबईत, फोनच्या चार बोटांच्या पडद्यावर पाहिला.

नवा पासपोर्ट आता हाती आला आहे. डिसेंबरात जायचे आहे. चार दिवसांपूर्वी बंडी मी आपणहून शिवणयंत्रावर नेऊन ठेवली. अजून ती तिथेच आहे. चकल्यांतून हिला सवड नाही म्हणे.